सांगलीचं माडीचं घर आवरून पुण्यात दोन खोल्यांत: आमचा अनुभव आणि थोडे प्रश्न

नदीकाठची

नमस्कार मंडळी,

मी आणि हे २०२५ च्या मार्चमध्ये सांगलीच्या गावभागातलं घर कायमचं सोडून पुण्यात वारज्याला आलो. मी ६९ वर्षांची, हे ७५ चे. "आईबाबांचं घर आवरायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी मुलं बरीच भेटतात. ज्यांचं घर आवरलं जातं त्यांच्या बाजूनं बोलणारं मला कुणी भेटलं नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली चार खोल्या, माडीवर तीन, मागे परस आणि आड. मी १९७९ साली लग्न होऊन या घरात आले. दिरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नव्हता. प्रश्न कृष्णेचा होता. २००५ ला पाणी उंबऱ्याच्या आत आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. यांना माडीच्या खिडकीतून बोटीत उतरवलं. २०२१ ला आम्ही आधीच बाहेर पडलो. त्यानंतर दर जूनचं एक काम ठरून गेलं. सिलिंडर, धान्याचे डबे, मिक्सर, देव, सगळं माडीवर चढवायचं आणि दसऱ्याच्या आधी खाली आणायचं. २०२३ ला त्याला चार दिवस आणि दोन गडी लागले. त्या रात्री हे जिन्याच्या पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, "आता पुरे."

लेक वारज्याला आहे, मुलगा कॅनडात. लेकीच्या सोसायटीपासून चालत सात मिनिटांवर आम्ही आधी अकरा महिन्यांच्या करारावर एक फ्लॅट भाड्याने घेतला. सांगलीचं घर कुलूप लावून तसंच ठेवलं. दर महिन्याला आठ दिवस तिकडे जाऊन थोडं थोडं आवरत होतो. हा मधला काळ मिळाला म्हणूनच सगळं निभलं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला माझं चुकलं. मी पहिल्यांदा ट्रंक उघडली. त्यात सासूबाईंची पत्रं, मुलांच्या प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे, लग्नातले फोटो. पंधरा दिवस गेले आणि एक पिशवीसुद्धा घराबाहेर गेली नाही. मग लेकीने कागद-फोटो उचलून एका खोलीत बंद केले आणि म्हणाली, "ज्याच्याकडे बघून डोळ्यांत पाणी येत नाही ते आधी." म्हणजे गाद्या, उशा, श्रीखंडाचे रिकामे डबे, तुटक्या छत्र्या, बिघडलेले पंखे, वायरी. हे सगळं तीन खेपांत गेलं आणि माझ्या हाताला वळण लागलं.

पांघरुणं चौदा होती, चार ठेवली. पाहुणे पूर्वीसारखे राहायला येत नाहीत हे मान्य करणं पांघरुणं देण्यापेक्षा अवघड गेलं.

नव्या फ्लॅटचा ओटा आठ फुटांचा. आम्ही तिथल्या फरशीवर वर्तमानपत्रं कापून पसरली: एवढं कपाट, एवढा पलंग, एवढा देव्हारा. कपाटाचा कागद अंथरल्यावर गॅलरीचं दार उघडेना. तिथेच कळलं की सांगलीचं सागवानी कपाट येणार नाही. ते तिकडे मोजपट्टीवर कळलं असतं तरी यांना पटलं नसतं. कागदावर पाय ठेवून उभं राहिल्यावर पटलं.

आता भांड्यांबद्दल. तांब्या-पितळेची मोठी भांडी पुरातून वाचली होती, कारण ती माळ्यावर होती. बंब, दोन घंगाळं, हंडे, कळश्या, पराती, तपेली. मोड घेणाऱ्याला बोलावलं. तो काटा घेऊन आला आणि किलोचा भाव सांगू लागला. मी एक परात उलटी केली, तर कडेला नाव घातलेलं: यांच्या मुंजीत आत्याने दिलेल्या आहेराचं, बुधगावच्या घराण्याचं नाव, खाली साल. मी त्या माणसाला चहा देऊन परत पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. मी चिंच लावून कडा घासायची, हे भिंग घेऊन नाव वाचायचे, मी वहीत लिहायची. कुणी दिलं, कशासाठी, साल कोणतं. नाव घातलेली भांडी निघाली ४१. मग ठरवलं, ज्यांचं नाव आहे त्यांच्या घरी भांडं परत जाईल. फोन करकरून, गावोगावच्या भाच्या-पुतण्यांना शोधून २६ भांडी पोचवली. आत्याच्या नातवाने परात घेतली आणि कडेवरच्या नावावरून बोट फिरवत राहिला. त्याने आजीचं लिहिलेलं नाव कधी पाहिलंच नव्हतं. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यातली नऊ मोठी भांडी देवळात महाप्रसादाच्या स्वयंपाकाला दिली. सहा माझ्याकडे आहेत.

या कामाला अडीच महिने लागले. मोडीत घातली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण घर सोडताना मला जे हलकं वाटलं ते या अडीच महिन्यांमुळे. आपल्या हातांत जोर आहे, यांना नावं आठवताहेत, तोवर हे झालं. पाच वर्षांनी वहीत लिहायला सांगणारं कुणी उरलं नसतं.

देवांचंही सांगते. कुलदैवताचे टाक कोल्हापूरला पुतण्याकडे गेले, त्यांच्याबरोबर नवरात्रातला कुळाचारही. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा माझ्याकडे. गौरी यंदा पहिल्यांदाच माझ्या घरी बसणार नाहीत. याची तयारी मनाने अजून झालेली नाही.

प्रश्न दोन. सासऱ्यांच्या फडताळात मोडी लिपीतले जुने कागद निघालेत, साधारण दोन बोटं जाडीचा गठ्ठा. त्यांचं काय करावं? आणि आल्यावर पहिले सहा महिने तुमच्या घरच्या मोठ्यांनी कसे काढले? हे अजून "घरी कधी जायचं?" असं विचारतात. विसरून नव्हे, सवयीने.

अबोली_ठाणे

काकू, वाचताना दोनदा थांबले.

मी तुमच्या बरोबर उलट केलं. आई खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात होती आणि डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती परत तिथे चढूच शकणार नव्हती. मी आणि भावाने आठ दिवसांत घर रिकामं केलं. आम्हाला वाटलं तिचा त्रास वाचवतोय. तिला थेट ठाण्याला माझ्याकडे आणलं. चार वर्षं झाली. ती अजून विचारते, "खिडकीतला गोल डबा कुठाय?" त्यात काय होतं ते तिलाही नीट सांगता येत नाही. डबा गेला एवढंच मला माहीत आहे.

आज पुन्हा वेळ आली तर तिच्या पलंगाशी रोज एक पिशवी नेऊन विचारेन. हो किंवा नाही एवढं तर ती म्हणू शकली असती.

मोडीवाचक

ताई, मोडी कागद आधी कुणाला देऊ नका. एकेका पानाचा चांगल्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा, पानांचा क्रम बदलू नका, आणि जुना दोरा असेल तर तसाच ठेवा. सेलोटेप किंवा लॅमिनेशन अजिबात नको. मग मोडी येणाऱ्या कुणाकडून निदान काय आहे तेवढं वाचून घ्या. पुष्कळदा जमिनीचे, कर्जाचे, देवस्थानाच्या पूजेच्या हक्काचे कागद निघतात आणि कधी ते घरातल्याच कुणाला लागतात. पूर नेहमी येणाऱ्या गावातला गठ्ठा कोरडा राहिला हेच मोठं आहे.

घरगुती व्यवहारापलीकडचं काही निघालं तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते सुरू केलं ते अशाच घराघरांतल्या दप्तरांसाठी. वारज्याहून सदाशिव पेठ लांब नाही. फोटो घेऊन जा आणि विचारा.

साताऱ्याचे_निवृत्त_वकील

भांड्यांच्या वहीबद्दल ताईंचं आणि त्यांच्या यजमानांचं कौतुक. आता थोडं कोरडं लिहितो, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना लागेल.

वडिलार्जित घर विकलं तर भांडवली नफा मोजताना आपल्याला ते फुकट मिळालं असं धरत नाहीत. मूळ मालकाची खरेदी किंवा बांधणी धरली जाते, आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर असेल तर त्या तारखेचा बाजारभाव घेता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला आधीच करून ठेवा. २३ जुलै २०२४ पासून कराचा दर १२.५ टक्के झाला, महागाई निर्देशांकाचा फायदा (जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) काढला. मात्र त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला, भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी, निर्देशांकासह २० टक्के हा जुना हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. जुन्या घरांना दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नफ्याच्या रकमेतून विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. घर अजून ठरलं नसेल तर विवरणपत्राची मुदत संपायच्या आत पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवून सवलत गमावलेले लोक मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "आता लहान घरात आलो, नावावरच करून टाकू" म्हणून मुलांना बक्षीसपत्र करून देऊ नका. महाराष्ट्रात मुलाला, मुलीला, नातवंडांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा थोडा खर्च), आणि ते स्वस्त आहे म्हणून लोक घाई करतात. बक्षीसपत्र झालं की मालकी गेली. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट दस्तात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली न्यायाधिकरण असा दस्त रद्द करू शकतं, पण तो आधार सांभाळाच्या अटीवर उभा आहे. माझं स्पष्ट मत: मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी, आणि ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे मृत्युपत्र झालं असं समजू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक वारसच.

सोसायटीतला फ्लॅट विकताना समिती लाखांत देणगी मागत असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे हे लक्षात ठेवा.

मिरजेचा

माझं मत वेगळं आहे आणि ते नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

आम्ही आईबाबांना पुण्याला आणलं. चौदावा मजला, सगळं नवं, खाली बाग, लिफ्टला बॅटरी. बाबा मिरजेला सकाळी सहाला स्टेशनपर्यंत चालत जायचे, वाटेत अकरा लोक "काय मास्तर" म्हणायचे. इथे त्यांना "अंकल" म्हणायचे, तेही फक्त वॉचमन. हळूहळू ते खाली जाईनात, मग बोलेनात. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही. चौदा महिन्यांनी मिरजेला परत नेलं. घर विकलं नव्हतं म्हणून नेता आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं, बाबा चपला घालत होते.

घर मोठं झालं तर खोल्या बंद करा, खालीच झोपा, संडासात धरायला दांडे बसवा, स्वयंपाकाला बाई लावा. माणूस उपटून दुसरीकडे लावण्याआधी एवढं तरी करून बघा. आम्ही केलं नव्हतं.

नदीकाठची

मिरजेचा, तुमचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. आमच्याकडे पाणी नसतं तर मीसुद्धा खालच्या खोल्या बंद करून तिथेच राहिले असते. तुमच्या बाबांसाठी तुम्ही परत गेलात हे योग्यच केलंत. म्हणून तर म्हणते, आधी भाड्याने राहून बघा, विकायची घाई करू नका. त्या अकरा महिन्यांत एकदा यांनी खरंच पिशवी भरली होती. मी अडवलं नाही, सांगलीची गाडी पकडून दोघं गेलो. पाचव्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, चल. घराला कुलूप असलं तरी किल्ली खिशात होती, तिचा आधार मोठा होता.

अबोली, डब्याचं वाचून पोटात कालवलं. आईला विचारून त्या आकाराचा एक डबा आणून खिडकीत ठेवाल का? तोच नाही हे तिला कळेल, तरीही.

वकीलसाहेब, मूल्यांकनाचा दाखला आम्ही केला होता, बाकीचं आज यांना वाचून दाखवलं. मृत्युपत्राचं राहिलंय. या महिन्यात करतो.

पार्लेकर_सध्या_जर्सीत

आमच्याकडे निवडच नव्हती. विलेपार्ल्याची इमारत पुनर्विकासाला गेली. बाबा ७८, आई ७४. बिल्डर भाडं देतो, सामान हलवायचा खर्च देतो, पण एकाच वेळी गल्लीतल्या चार इमारती रिकाम्या झाल्या की त्याच भागात भाड्याची घरं कुठून मिळणार? एजंट सांगत होता, अंधेरीच्या पलीकडे स्वस्तात मोठं मिळेल. आम्ही पार्ले पूर्वेतच एक खोली-स्वयंपाकघर घेतलं, वरचे पैसे खिशातून घातले. बाबांची बँक, डॉक्टर, भाजीवाला आणि संध्याकाळचा कट्टा, चारही तेच राहिले. जागा अर्धी झाली, पण बाबांचा दिवस बदलला नाही.

पुनर्विकासात जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हलणं दोनदा आहे. त्यामुळे सामान पहिल्याच वेळी कमी करा. आम्ही "नव्या घरात लागेल" म्हणून अर्धं सामान भाड्याच्या गोदामात ठेवलं, त्यातल्या गाद्यांना वाळवी लागली.

सुई_दोरा

जुन्या साड्यांचं काय केलंत काकू? माझ्याकडे आईच्या साठ आहेत. बोहारणीला द्यायला हात होत नाही.

नदीकाठची

सासूबाईंच्या नऊवारी सुती साड्यांच्या वाकळा शिवून घेतल्या. आमच्याकडे अजून शिवणाऱ्या बायका आहेत. एका वाकळीला साधारण पाच-सहा साड्या जातात, वरचं नेसूचं बिनफाटकं लुगडं, आत विरलेली. जुनं सूत जितकं धुतलेलं तितकं ऊबदार. सहा झाल्या, पाच नातवंडांना एकेक, एक आमच्या पलंगावर. रेशमी साड्यांच्या होत नाहीत, त्या जरीसकट सुनांना, भाच्यांना दिल्या. सिंथेटिक मात्र बोहारणीलाच. त्यात मन गुंतवू नये.

म्हापशाची_शेवंती

गोव्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आमच्याकडे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक धरतात, त्यामुळे घर एकाच्या नावावर दिसलं तरी विकताना दोघांची सही लागते. मुलांचा अर्धा हिस्सा कायद्याने राखलेला असतो, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. आजोबांच्या नावावरचं घर असेल तर आधी इन्व्हेंटरीचं (वारस आणि मालमत्ता यांची रीतसर नोंद करून वाटणी ठरवण्याचं) काम पुरं करा. आम्ही आत्याचं घर आवरून पेट्या बांधल्या आणि मग कळलं की कागदांवर अजून पणजोबाच आहेत. पेट्या दोन वर्षं ओसरीवर होत्या.

नागपूरची_पेन्शनर

कागदपत्रांची आठवण करून देते, कारण हे सगळं घर हलल्यावर सुचतं. आधारवरचा पत्ता, बँकेतला पत्ता, गॅसची बदली, मतदार यादीसाठी फॉर्म ८. पेन्शनचं खातं लगेच हलवायची घाई नको, हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाईलवरून चेहरा दाखवूनही देता येतो. यांची नेहमीची औषधं निदान दोन महिन्यांची आधी भरून घ्या, आणि जुन्या डॉक्टरांकडून सगळं एका कागदावर लिहून आणा. नवा डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारतो.

आणि पहिल्या रात्री संडासाची वाट सापडत नाही. आम्ही दोघंही चाळीस वर्षं उजवीकडे वळत होतो, नव्या घरात उजवीकडे भिंत. भिंतीतल्या खटक्यात छोटा रात्रीचा दिवा लावा. पहिल्याच दिवशी.

नदीकाठची

मोडीवाचक, यांनी काल सगळ्या पानांचे फोटो काढले. ८४ पानं. सोमवारी पेठेत जाऊन विचारणार आहोत. जाण्याचं त्यांनीच ठरवलं, बस कोणती ते खाली जाऊन विचारून आले, मला सांगितलंही नाही.

नागपूरच्या ताई, दिवा आजच आणते. आमचं अगदी तेच झालंय.

गौरींचं कळवते. कोल्हापूरची सून म्हणाली, "काकू, मुखवटे आमच्याकडे बसले तरी पुरण तुम्हीच घाला, दोन दिवस आधी या." पुरणयंत्र मी तिला दिलेल्या सामानात बांधून पाठवलं होतं, ते तिने माझ्यासाठी काढून ठेवलंय.

इथे आज सकाळपासून पाऊस आहे. हे उठल्यावर अजूनही पहिल्यांदा कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी बघतात. आज पाणी २८ फुटांवर. चहा होण्याआधी शेजारच्या काकांना फोन झाला, सिलिंडर वर चढवलेत का म्हणून. ते म्हणाले, अजून नाही. हे म्हणाले, "आज चढवून टाका. आणि खालचं फडताळ विसरू नका, त्याच्यात पाणी आधी शिरतं."